कुंकवाखालचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना शेअर आहे. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतल्या हिश्श्याचा कागद. माझ्या कपाळावर कुंकवाचे दहा टिळे आहेत आणि पोटात एक गोल भोक आहे. टिळे प्रेमानं लावलेले आहेत, भोक कायद्यानं पाडलेलं आहे. दोन्हींनी माझं वाटोळंच केलं. पण खरं सांगतो, मला भोकाचं काही वाटत नाही, टिळ्यांचं वाटतं. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून मला बोल लावू नका.

माझा जन्म १९७७ साली मुंबईच्या एका छापखान्यात झाला. जाड कागद, कडेनं हिरव्या वेलीची नक्षी आणि कोपऱ्यात पाण्याच्या पंपाचं लहानसं चित्र. हॅरोवेल पंप्स नावाच्या कंपनीचे शंभर शेअर माझ्या एकट्याच्या अंगावर होते. ही कंपनी आधी गोऱ्या साहेबांची होती. मग सरकारचा कायदा आला आणि तिला आपला मोठा हिस्सा इथल्या लोकांना विकावा लागला. एका शेअरला बारा रुपये भाव ठरला. माझ्या वरच्या बाजूला, माणसाचं कपाळ असतं तिथं, माझा नंबर छापला होता. छापखान्यातून निघताना मला माझ्या नक्षीचा फार गर्व होता. नंबराकडे माझं लक्षही नव्हतं. शेअरची सारी इज्जत त्या नंबरात असते, हे मला फार उशिरा कळलं.

माझं नशीब मला वर्धा जिल्ह्यात अल्लीपूरला घेऊन आलं. तिथं रूपराव झाडे नावाचे भाजीवाले शेतकरी राहत. तीन एकरांचा मळा. वांगी, टमाटर, पालक, सांबार आणि धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, लिंबाची चाळीस झाडं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. पुढे या शब्दाचं काम पडणार आहे.

रूपरावांच्या विहिरीवर हॅरोवेलचाच पंप होता. हिंगणघाटच्या बँकेत गेले असताना साहेबांनी त्यांना शेअरचा फॉर्म दाखवला. घरी येऊन रूपराव विहिरीच्या काठावर बसले आणि चालत्या पंपाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"नऊ वर्षांत दोनदाच बिघडला हा," ते बायकोला म्हणाले. "याच्यात आपला हिस्सा असंन तर काय वाईट हाय?"

एवढाच त्यांचा अभ्यास. मोठे लोक यासाठी जाडजूड पुस्तकं वाचतात. पण अभ्यास वाईट नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं.

शेअर घ्यायचा तो पत्नीच्या, मनकर्णाबाईंच्याच नावानं, असं रूपरावांनी ठरवलं. लिंबाची रोपं मनकर्णाबाईंनीच लावली होती. डोक्यावर घागरी वाहून जगवली होती. बाराशे रुपये त्या लिंबांचेच होते. पण फॉर्मवर सही लागत होती आणि मनकर्णाबाईंना फक्त अंगठा ठाऊक होता. मग रूपरावांनी लिंबाच्या खोक्याच्या फळीवर कोळशानं त्यांचं नाव लिहून दिलं आणि सोळा दिवस रोज गिरवून घेतलं. बाकी सगळं जमलं, पण नावातला रफार काही जागेवर बसेना. तो नेहमी एक घर पुढे जाऊन पडायचा आणि 'मनकणार्बाई' व्हायचं.

"हे कोनाचं नाव हाय?" रूपराव चिडवायचे.

"माह्यंच हाय. माह्या नावाचा रफार हाय, मी वाटंन तिथं ठेवीन," त्या म्हणायच्या.

शेवटी तशीच सही फॉर्मवर गेली आणि कंपनीच्या दप्तरात तशीच नोंदली गेली.

१९७८च्या जानेवारीत पोस्टमन तानबानं मला त्यांच्या दारात आणलं. मनकर्णाबाईंनी आधी हात धुतले, पदराला पुसले आणि मग मला हातात घेतलं. मळ्याचा सातबारा रूपरावांच्या नावानं होता, रेशनकार्डही त्यांच्याच नावानं. जिथं पहिलं नाव मनकर्णाबाईंचं होतं असा त्या घरातला मी पहिला कागद. त्यांनी मला देवापुढे ठेवलं आणि किती तरी वेळ माझ्याकडे नुसत्या पाहत बसल्या. त्या दिवसापासून माझं नाव लक्ष्मी पडलं. मी पुरुष की बाई, हे मला कोणी विचारलं नाही. हिरव्या खणाच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी मला पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

मनकर्णाबाईंचा धाकटा भाऊ बापूराव सिंदीला, रेल्वेच्या सिंदीला, कापसाच्या दलालीत होता. त्यालाही शेअरचा नाद होता, पण त्याची तऱ्हा वेगळी. आज घ्यायचा, महिन्यानं विकायचा, दुसरा घ्यायचा. गाडीनं येणाऱ्या पेपरातले भाव पाहिल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. तो आला की माझी चौकशी व्हायची.

"भाऊजी, तुमचा कागद अठरावर गेला. विका. सहाशे सुटतील."

"मंग?"

"मंग दुसरा घ्या."

"आन् तो वाढला की?"

"तोही विका."

१९७९ साली बापूरावानं गळच घातली तेव्हा रूपरावांनी एकदा करून पाहिलं. दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचे पन्नास शेअर घेतले. मित्रांनो, ते आठ आठवडे मी पेटीतून ऐकले आहेत. माणूस सकाळी पाणी द्यायचं सोडून पेपरसाठी बसस्टँडवर जाऊन उभा राहायचा. भाव दोन रुपयांनी उतरला की जेवण जात नसे. एक रुपयानं चढला की हातातलं काम सुचत नसे. शेवटी दीडशे रुपये नफा घेऊन त्यांनी ते विकले. तेवढ्यात इकडे वांग्यांत अळी शिरली आणि अर्धा वाफा उपटून फेकावा लागला.

त्यानंतर बापूराव आला तेव्हा रूपराव खाटेवर बसून पानाला चुना लावत होते. ते शांतपणे म्हणाले, "बापू, तू सांबाराचा मानूस हायेस. पेरलं, महिन्यात उपटलं, बाजारात नेलं. तुले ते जमते. तुही नजर तशी हाय. मी लिंबाचा मानूस हाव. मले पाच वर्षं थांबा म्हटलं तर थांबतो. पन रोज उठून भाव पाह्य म्हटलं तर मले घाम सुटते."

"मंग लिंबवाल्यानं काय करावं?" बापूराव हसून म्हणाला.

"लिंबवाल्यानं चूप बसावं. झाड उपटून मुळं पाहू नाई."

मनकर्णाबाई आतून म्हणाल्या, "चूप बसायचं काम तं यायले बरोबर जमते."

सगळे हसले. आपल्या स्वभावाला कोणती तऱ्हा मानवते हे त्या माणसाला दोन वर्षांत कळलं होतं, पुष्कळांना ते जन्मभर कळत नाही. मला त्यांचा अभिमान वाटला. पण त्या बोलण्यात एक खोट होती, ती तेव्हा मलाही दिसली नाही. लिंबाच्या झाडापाशी रूपराव कधी चूप बसत नसत. पावसाआधी आळी करत, खोडाला चुना-मोरचूद फासत, पान उलटं करून किडीची अंडी शोधत. झाड विकायचं नव्हतं, म्हणून तर ते त्याला इतकं पाहत. मला मात्र त्यांनी पेटीत घातलं आणि वर्षातून एकदा बाहेर काढलं.

तो दिवस लक्ष्मीपूजनाचा. पाटावर लाल कापड, त्यावर तांदळाची रास, नवी केरसुणी, रुपयाची दोन नाणी आणि मधोमध मी. मनकर्णाबाई वाटीत कुंकू कालवत, अनामिका बुडवत आणि माझ्या कपाळावर टिळा लावत. वर अक्षता चिकटवत. पहिल्या वर्षीचा टिळा नाजूक होता. दुसऱ्या वर्षी त्याच जागी दुसरा बसला. तिसऱ्या वर्षी माझ्या नंबराचे शेवटचे आकडे दिसेनासे झाले. ओलं कुंकू कागदात मुरत गेलं. वाळलेल्या अक्षता उचकटताना माझी सालं निघत गेली.

१९८३च्या दिवाळीत त्यांची लेक जयवंता शाळेत जाणारी होती. तिनं टोकलं.

"माय, अक्षरावर नको लावू वं. बाजूले लाव."

"देवाले कोनी बाजूले कुंकू लावते काय?" मनकर्णाबाई म्हणाल्या आणि बोट नेहमीच्या जागी टेकवलं.

रूपराव समया लावत होते. तेही हसले. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. ती पोर एकटी शहाणी होती. पण पाटावर बसलेल्याला बोलता येत नाही.

माझे ते दिवस फार मानाचे होते. भाव चढत गेला. पन्नास झाला, नव्वद झाला. १९८६च्या दिवाळीला बापूरावानं पेपर आणून एकशे ऐंशीचा आकडा बोटानं दाखवला आणि बहिणीच्या पाया पडला. "बाई, म्या एवढी उठाठेव केली, पन जिंकली तू," तो म्हणाला. गल्लीतल्या बाया मनकर्णाबाईंची लक्ष्मी पाहायला यायच्या. लांबून हात जोडायच्या. बाराशेचे अठरा हजार झाले होते आणि त्यासाठी घरातल्या कोणी बोटही हलवलं नव्हतं. बोट हललं ते फक्त कुंकवाचं. नववा टिळा त्या वर्षी लागला.

१९८७च्या मार्चमध्ये मनकर्णाबाईंना लिंबाची टोपली डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून घरापर्यंत येता येईना. चार पावलं टाकली की खाली बसायच्या. पाय सुजले. रूपरावांनी त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं आणि रूपरावांना समजेल असं सांगितलं. विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला फूटवॉल, म्हणजे पाणी धरणारी झडप असते. तो गळायला लागला की पंप ओढतो आणि पाणी परत खाली जातं. यांच्या हृदयातला तसा एक वॉल गळतो आहे. तो बदलावा लागेल, मुंबईला. बारा मेची तारीख मिळते आहे. त्याआधी अठरा हजार भरावे लागतील. फार दिवस थांबता येणार नाही.

रूपरावांना फूटवॉल पुरता ठाऊक होता. पाणी न धरता पंप चालत राहिला तर काय होतं, हेही ठाऊक होतं. घरी येऊन ते म्हणाले, "लिंबाचा तुकडा विकून टाकतो."

"माह्या लिंबाले हात नाई लावायचा," मनकर्णाबाई म्हणाल्या. बोलताना त्यांना मधे थांबावं लागत होतं. "माह्या नावाची लक्ष्मी हाय ना पेटीत? ते कायले ठेवली? पुजा करायले?"

हिशेब बरोबर जुळत होता. अठरा हजार हवे होते आणि मी अठरा हजारांचा होतो. नऊ वर्षं ज्या दिवसासाठी थांबलो तो दिवस आला, असं मलाही वाटलं. माझ्यावर एक जीव अवलंबून होता आणि मला त्याचा आनंद होत होता, हे सांगायला आज लाज वाटते.

मार्चच्या अखेरीला रूपराव आणि बापूराव मला नागपूरला घेऊन गेले. इतवारीत सदाशिवराव नावाचे शेअर दलाल बसत. त्यांनी खणाचा तुकडा उलगडला, मला खिडकीच्या उजेडात धरलं आणि चष्मा वर केला.

"हे काय हाय?"

"कुंकू हाय जी. लक्ष्मीपूजनाचं."

"कुंकू दिसते मले. त्याच्या खाली काय हाय?"

रूपरावांनी वाकून पाहिलं. मग त्यांना वाटलं, मातीसारखं पुसून निघेल. सदाशिवराव "राहू द्या, राहू द्या" म्हणेपर्यंत त्यांनी धोतराचा सोगा जिभेला लावला आणि माझ्या कपाळावर घासला. नऊ वर्षं मुरलेला कागद तो. कुंकू निघालं आणि त्याच्यासोबत माझा नंबरही निघाला. लाल चोळामोळा होऊन तो त्यांच्या धोतराला चिकटला. माझ्या कपाळाला बोट जाईल एवढा खड्डा पडला.

सदाशिवराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोघांना पाणी दिलं आणि सांगितलं, नंबर नाही तर हा कागद बाजारात कोणी हातात धरणार नाही. कंपनीकडे पाठवा, नवा मागा. अर्ज, स्टँपपेपरवर हमी, वर्तमानपत्रात नोटीस. दोन-तीन महिने धरून चला.

"बारा मे हाय जी," रूपराव म्हणाले.

"मले तारीख सांगून काय फायदा, रूपरावजी?"

परतीच्या गाडीत बापूराव मनाशी हिशेब करत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःजवळ होते नव्हते ते सगळे शेअर विकले. त्याचे कागद स्वच्छ होते, कारण ते कुठल्याच घरात महिन्याच्या वर राहिले नव्हते. बेचाळीसशे रुपये आले, ते त्यानं बहिणीच्या उशाशी ठेवले. सांबारवाल्याचं तेवढं तरी हातात आलं.

अर्ज जयवंतानं लिहिला. सहीसाठी मनकर्णाबाईंना उठवून बसवलं. रफार नेहमीसारखा पुढे जाऊन पडला. मग त्या लेकीला म्हणाल्या, "खाली एक ओळ लिहीजो. म्हणा, जुना कागद परत पाठवजा. त्याले घरचं कुंकू लागलं हाय." जयवंतानं ती ओळ लिहिली आणि एप्रिलच्या मध्यावर मी टपालानं मुंबईला निघालो.

तिथं मी एका तारेच्या ट्रेमध्ये पडून होतो. माझ्याखाली अर्ज होते, माझ्यावर अर्ज होते. कंपनीनं काही वाईट केलं नाही. नियमानं अकरा आठवडे लागतात, अकरा लागले. समोरच्या भिंतीवर तारखांचं कॅलेंडर होतं. शिपाई रोज सकाळी एक पान फाडायचा. बारा मेचं पान मी दिवसभर पाहिलं. तेरा तारखेला सकाळी त्यानं तेही फाडलं आणि चुरगळून टोपलीत टाकलं.

शेवटी एका कारकून बाईनं मला हातात घेतलं. नवा शेअर तयार झाला होता. जुना दप्तरात ठेवायचा असतो. पण तिनं जयवंताची ती ओळ दोनदा वाचली, माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्या पोटात भोक पाडलं, 'रद्द' असा शिक्का मारला आणि मला नव्या कागदासोबत पाकिटात घातलं.

जुलैच्या सुरुवातीला तानबा पोस्टमननं ते पाकीट अल्लीपूरच्या त्याच दारात आणलं. मी आतून वाट पाहत होतो की आता हात धुतल्याचा आवाज येईल. तो आला नाही.

"रूपरावभाऊ," तानबा म्हणाला, "पाकीट वयनीच्या नावाचं हाय. कायद्यानं मले परत पाठवा लागते." त्यानं पाकीट उलटसुलट केलं. "रोज इचारे ते मले, माह्यं रजिस्टर आलं काय म्हणून. नाई म्हणायचा जीव होये नाई. शेवटी शेवटी म्या रस्ताच बदलला होता भाऊ. मागच्या गल्लीनं जात होतो. हे मी परत नाई पाठवत. तुम्हीच करा सही."

असं मला कळलं. बाकीचं मागाहून जयवंताच्या बोलण्यातून कळत गेलं. बारा मे हुकल्यावर दहा जूनची तारीख मिळाली होती. मे अखेरीला रूपरावांनी बायकोला न विचारता लिंबाच्या तुकड्याला गिऱ्हाईक पाहिलं. ज्या दिवशी ते गिऱ्हाईक दोरी घेऊन तुकडा मोजायला आलं, त्याच दुपारी मनकर्णाबाई गेल्या. हेच गिऱ्हाईक मार्चमध्ये पाहिलं असतं तर, हा विचार रूपराव कोणाजवळ बोलत नाहीत. मी पेटीत पडून रोज करतो.

तानबानं वही पुढे केली. रूपरावांनी पेन धरलं आणि हळूहळू एकेक अक्षर काढलं. रफारापाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी तो एक घर पुढे, चुकीच्या अक्षरावर नेऊन ठेवला. तानबानं वही मिटली आणि चष्मा पुसत निघून गेला.

नवा शेअर आजही तिथंच आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. कोरा करकरीत, नंबर स्पष्ट. भाव दोनशेच्या वर गेला म्हणे. पण त्याला विकायला जिची सही लागते ती नाही. कोर्टातून वारसाचा दाखला आणा, असं सदाशिवरावांनी कळवलं आहे. रूपराव कोर्टात गेलेले नाहीत.

मित्रांनो, माझं ऐका. ज्याला जी तऱ्हा मानवते तिनं त्यानं चालावं. कोणी सांबारासारखं करावं, कोणी लिंबासारखं. थांबणाऱ्यानं जरूर थांबावं. पण थांबणं म्हणजे पाहणं सोडून देणं नव्हे. वर्षातून चार वेळा तरी मला उजेडात धरा, माझ्यावर काय लिहिलं आहे ते वाचा, लेकरू काही सांगत असेल तर हसू नका. मला जपा, पण गरजेच्या दिवशी कामी येईन असा जपा. मला देव करू नका. मी कागद आहे, माझ्याच्यानं ते ओझं पेलत नाही.

त्या वर्षीची, म्हणजे १९८७ची दिवाळी जयवंतानंच केली. पाट मांडला, तांदळाची रास घातली, वाटीत कुंकू कालवलं. पेटी उघडून तिनं आम्हा दोघांना बाहेर काढलं. नव्याला तिनं पाटावर ठेवलं, पण बोट काही पुढे होईना. ती बापाकडे पाहू लागली.

रूपरावांनी नव्याला उचलून पिशवीत परत घातलं आणि त्याच्या जागी मला ठेवलं. माझ्या कपाळावरचा खड्डा त्यांनी अंगठ्यानं सारखा केला.

"याले लाव," ते म्हणाले. "याले आता कुठंच जायाचं नाई."

जयवंतानं अनामिका बुडवली. बाजूला नाही, आई लावायची तिथंच तिनं टिळा लावला.